माणसं मोजकी, पाट्या फार

आपल्याकडे गावाला ‘कर’ जोडला की आडनाव तयार होतं. स्कॉटिश एल्फिन्स्टनांनी तेवढीही तसदी घेतली नाही. गावाचं नाव उचललं आणि जसंच्या तसं लावलं. हे गाव एडिंबराच्या पूर्वेला आहे, कोळशाच्या पट्ट्यात. तिथे पंधराव्या शतकातला एक दांडगा बुरूज होता. खालून कोळसा काढता काढता जमीन खचली आणि गेल्या शतकात बुरूज बहुतेक पाडावाच लागला. मूळपुरुषाच्या मुळाखालीच खाण!

स्कॉटलंडमध्ये कॅम्बेल, मॅकडोनाल्ड पैशाला पासरी. एल्फिन्स्टन मात्र शोधावा लागतो. पण जे झाले, ते गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. बिशप विल्यम एल्फिन्स्टनने 1495 मध्ये अॅबरडीनचं विद्यापीठ उभं केलं. जनरल विल्यम एल्फिन्स्टनने 1842 मध्ये काबूलहून परतताना जवळजवळ अख्खी फौज गमावली. घराणं म्हटलं की डावं-उजवं असायचंच.

आपला एल्फिन्स्टन म्हणजे माउंटस्टुअर्ट. पुण्यात पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट होता. पुस्तकांचा किडा. 1817 च्या खडकीच्या लढाईत संगमावरचा त्याचा बंगला जळाला आणि त्यासोबत त्याची पुस्तकं आणि कागदपत्रंही. बाजीरावाची पेशवाई गेली हे खरं, पण जाता जाता तिने साहेबाच्या वर्मावर नेमकं बोट ठेवलं, असं मला उगीचच वाटतं. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला. लग्न केलं नाही, त्यामुळे वंश वाढायचा प्रश्नच नव्हता.

आडनाव मात्र वाढलं. त्याच घराण्यातला लॉर्ड एल्फिन्स्टन 1853 मध्ये इथेच गव्हर्नर होऊन आला आणि पाट्यांची चंगळ झाली: फोर्टातलं सर्कल, रेल्वेचं स्टेशन. मुंबईकराने मधला ‘न्’ गाळून ‘एल्फिस्टन’ केलं आणि तिकीट काढलं. सर्कल पुढे हॉर्निमनचं झालं, स्टेशन 2018 मध्ये प्रभादेवी झालं. तक्रार करायला इथे एल्फिन्स्टन कुठे होते?

उरलं एल्फिन्स्टन कॉलेज. 1827 मध्ये माउंटस्टुअर्ट निघाला तेव्हा मुंबईकरांनी त्याच्या नावाने वर्गणी काढली, त्यातून ते उभं राहिलं. दादाभाई, रानडे, भांडारकर, आंबेडकर सगळे तिथलेच. तिथे शिकणाऱ्याला आजही एल्फिन्स्टोनियन म्हणतात. या आडनावाची सर्वांत मोठी शाखा कुठली म्हणाल, तर माझ्या मते हीच, काळा घोडा भागातल्या कॉलेजची.