गाल सोपीव, हनुवटी राखीव

वस्तऱ्याने दाढी करायला शिकणाऱ्या माणसाला सुरुवातीला दाढी करायला सवडच मिळत नाही. पट्टा टांगायला भिंतीत खिळा ठोकायचा असतो, दगड भिजत घालायचा असतो, पात्याला तेलाचं बोट फिरवायचं असतं. मधल्या काळात दाढी आपली वाढत राहते आणि शेजारचे लोक बायकोला बाजूला घेऊन विचारतात, "सगळं ठीक आहे ना?"

माझा वस्तरा झोलिंगनचा आहे. भाचा जर्मनीत असतो. "मामा, येताना तुला काय आणू?" असं त्याने विचारलं, तेव्हा मी चॉकलेटं म्हणालो असतो तर घरात शांतता नांदली असती. झोलिंगन हे चाकू-कात्र्यांचं आणि त्याआधी तलवारींचं गाव. त्या नावाचा दरारा असा, की तिथे न बनलेल्या पात्यावर ते कोरायचं नाही, असं 1938 पासून जर्मनीत कायद्याने ठरलेलं आहे. वस्तऱ्याच्या पात्याची रुंदी अष्टमांश इंचात मोजतात. म्हणजे आपल्या सुताराच्या भाषेत सुतात. माझा वस्तरा पाच सुती. दोन्ही बाजूंनी पातं इतकं खोलगट घासलेलं असतं, की धारेपाशी नखाचा नुसता दाब पडला तरी ते लवतं. हे सगळं मी बायकोला उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "अहो, पण ते उघडं ठेवू नका."

नवा वस्तरा कितीही नावाजलेला असला तरी दाढी करण्याइतकी धार त्याला असेलच असं नाही. ती बहुधा आपण लावायची. म्हणून दगड घ्यायचा. एका दगडावर भागत नाही. हजार नंबरचा, चार हजारांचा, आठ हजारांचा असे चढत जायचे आणि शेवटी बेल्जियममधल्या आर्देन डोंगरातला पिवळा दगड मिळाला तर आयुष्याचं सोनं झालं म्हणतात. मी आठ हजारांपाशी थांबलो, कारण दुकानदाराने तिथवरच माझी बिनपाण्याने पुरती केली होती.

धार लावण्यात एक खुबी मात्र मला मनापासून आवडली. सुरी घासताना कोन आपण धरायचा असतो आणि तो दर वेळी हलतो. वस्तऱ्याची पाठ मुद्दाम जाड ठेवलेली असते. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवली, की कोन आपोआप बरोबर येतो. ज्याने हे पहिल्यांदा योजलं त्याला माझ्यासारख्या माणसांची पूर्ण कल्पना असावी.

दगडाचं काम कधीमधी. रोजचं काम पट्ट्याचं. चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागे ठेवून पातं ओढायचं, टोकाला पोचलं की पाठीवरून उलटायचं आणि परत आणायचं. धारेवरून उलटलं तर पट्टा कापला जातो. सगळे जाणते लोक एकमुखाने सांगतात, की नवशिक्याने पहिला पट्टा स्वस्तातला घ्यावा. त्यामागचं कारण माझ्या पट्ट्यावर जागोजागी वाचायला मिळतं. मी भिंतीपाशी उभा राहून सट-सट आवाज काढत असताना बायको चहा घेऊन आली, क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "रिकामा न्हावी..." पुढचं तिने माझ्या सामान्यज्ञानावर सोपवलं.

एवढी उस्तवार करून धार टिकते म्हणावं तर तेही नाही. केस पोलादापेक्षा जवळजवळ 50 पट मऊ असतो. तरी दाढी करता करता पातं बोथट कसं होतं, हा प्रश्न अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनाही पडला. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली खरीखुरी दाढीची पाती कापायला लावून पाहिलं आणि 2020 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात उत्तर छापलं. कापताना केस वाकतो आणि पोलादाची घडण जिथे एकसारखी नसते तिथे धारेचा बारीक टवका उडवतो. हे वाचून मी बराच वेळ गालावरून हात फिरवत बसलो. आपल्या अंगात पोलादाचे टवके काढणारं काही असेल, असं बँकेतल्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी भासू दिलं नव्हतं.

या टप्प्यावर किंग कॅम्प जिलेट या गृहस्थाची थोरवी कळते. हा फिरता विक्रेता. सकाळी वस्तरा बोथट निघाला, पट्ट्यानेही काही होईना, तेव्हा 1895 मध्ये त्याच्या डोक्यात आलं, की धार लावावीच लागू नये असं पातळ पातं काढावं आणि वापरून फेकून द्यावं. तसं पोलाद बनवणं अशक्य आहे, असं जाणकारांनी त्याला सांगितलं. विल्यम निकरसन या इंजिनिअरने ते जमवलं. 1903 मध्ये विक्रीला सुरुवात झाली तेव्हा वर्षभरात 51 रेझर आणि 168 पाती खपली. पुढच्याच वर्षी रेझरांचा आकडा 90 हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना ते सरकारनेच दिले. या माणसाने जगाला गुळगुळीत दाढी दिली असं म्हणतात. ती वस्तऱ्यानेही होतच होती. त्याने पट्टा आणि दगड माणसाच्या सकाळीतून काढून टाकले. मी ते पदरचे पैसे घालून परत आणले.

शेवटी एकदाची दाढी. गरम पाण्याचा पंचा तोंडावर दोन-तीन मिनिटं धरायचा म्हणजे केस पाणी पिऊन नरम पडतात. मग ब्रशने दाट फेस. मग पातं गालाला साधारण तीस अंशांत टेकवायचं. आरशासमोर कोनमापक धरता येत नाही म्हणून युक्ती अशी, की पाठ आणि गाल यांच्यामध्ये पाठीच्या जाडीएवढी किंवा फार तर दुप्पट फट ठेवायची. पातं आडवं निजवलं तर केस ओढले जातात, उभं केलं तर कातडी सोलते. आणि काहीही झालं तरी ते धारेच्या दिशेत सरकवायचं नाही. भाजी चिरताना सुरी मागेपुढे ओढतो आणि ती झटकन कापते, नेमकं तेच इथे नको असतं.

हे सगळं उजव्या गालावर कसंबसं जमतं. डाव्या गालाला एक तर वस्तरा डाव्या हातात घ्यावा किंवा उजवा हात नाकावरून पलीकडे न्यावा. डाव्या हाताने मी आजवर फक्त मोबाइल धरला आहे. उजवा हात पलीकडे नेला की आरशात कोपर दिसतं, गाल दिसत नाही. नाक प्रत्येक वेळी मध्ये येतं, आणि त्याची लांबी आमच्याकडे घराण्याची शान समजली जाते.

शिकवणारे म्हणतात, सुरुवातीला वस्तरा फक्त गालांवर चालवा, बाकी चेहरा नेहमीच्या रेझरने उरका. त्यामुळे माझ्या तोंडावर सध्या 1919 च्या कायद्यातली द्विदल राज्यपद्धती चालू आहे. गाल हे सोपीव खातं, ते नव्या मंत्र्याकडे. हनुवटी, गळा आणि ओठाची वरची बाजू ही राखीव खाती अजून जुन्या साहेबाच्या हातात. त्या काळच्या मंत्र्यांप्रमाणेच माझ्याही नव्या मंत्र्याचा कारभार लोकांच्या डोळ्यांत भरतो, पण वेगळ्या कारणाने. पहिल्या सोमवारी मी बँकेत गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलीने आस्थेने विचारलं, "सर, मांजर पाळलंत का?"

अशा वेळी गांधीजींचा आधार वाटतो. प्रिटोरियात गोऱ्या न्हाव्याने केस कापायला नकार दिला तेव्हा त्यांनी कात्रीयंत्र विकत आणून आरशासमोर स्वतःचे केस कापले. पुढचे जमले, मागचे पार बिघडले. कोर्टातल्या मित्रांनी उंदीर लागले का म्हणून विचारलं, असं त्यांनीच आत्मकथेत लिहिलं आहे. दाढी मात्र त्यांना स्वतःची करता येत होती. विलायतेला जाणारे तेवढं तरी शिकून येतात, असा त्यांचा शेरा आहे.

अखेर वस्तरा खिशात घालून मी आमच्या सलूनवाल्या दादांकडे गेलो. त्यांच्या भिंतीवर एका बाजूला संत सेना महाराज आणि दुसऱ्या बाजूला जिवा महाला. समोर काचेच्या फळीवर ब्लेडची पाकिटं. एकच वस्तरा सगळ्यांच्या गालावरून फिरायचे दिवस एड्सच्या धास्तीने संपले, आता ते ब्लेड मोडून अर्धं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत वस्तऱ्यात बसवतात. माझं पातं त्यांनी उजेडात धरलं, मनगटावरच्या लवेवर फिरवलं आणि वैद्याने नाडी सोडावी तसं खाली ठेवलं.

"काका, धार मेलीय."

मी आठ हजारांच्या दगडाबद्दल सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग पातं स्वतःच्या तळहातावर घेतलं आणि उलटसुलट फिरवू लागले. ते करताना बोलत होते टँकरविषयी. "आजोबांच्या धोकटीत असले तीन होते. खेड्यात झाडाखाली बसून करायचे. बसा."

मी बसलो. आधी जरा चाचरलो, मग बसलो. गाल उरकायला त्यांना टँकरची अर्धी गोष्टसुद्धा पुरली नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाला तरी त्यांनी मधेच हाकही मारली. मी वस्तऱ्याकडे डोळे लावून बसलो होतो. ते म्हणाले, "इकडं काय बघता? ह्या हाताकडं बघा." त्यांचा डावा हात माझ्या चेहऱ्यावर एक क्षणही स्वस्थ नव्हता. अंगठा कानाशी कातडी वर ओढत होता, मग जबड्याखाली, मग ओठाच्या कोपऱ्याशी. पातं येण्याआधी जमीन सपाट झालेली असायची. "वस्तरा आपला आपण चालतो. कातडी धरता आली पाहिजे." पैसे किती म्हणून विचारलं तर त्यांनी नेहमीचेच घेतले, आणि वर तुरटीचा खडा गालावर फिरवला. घरी माझ्या हातची दाढी झाली, की तुरटी लावल्यावर रक्त न आलेल्या जागाही झोंबून आपापला पत्ता सांगतात. दादांच्या हातची झाल्यावर ती नुसती गार लागली.

तेव्हापासून मी डाव्या हाताची तालीम घेतो आहे. गाल आता मार्गी लागलेत. हनुवटीचं मात्र काही खरं नाही. तिथे केस चारी दिशांनी उगवतात आणि जागा धड सपाट नाही, धड गोल नाही. ओठावर नाकपुडी आडवी येते. नीट विचार करून मी आधी मिशी ठेवली. "शोभते," असं भाचा व्हिडिओ कॉलवर म्हणाला. हनुवटीवरही छोटीशी टोकदार दाढी राखावी, म्हणजे राखीव खातीच बरखास्त होतील, ही योजना मी काल जेवताना मांडली.

बायकोने आमटी वाढली आणि विचारलं, "मग गालांनीच तेवढं काय घोडं मारलंय?"