फ्लाइट मोड, मुक्काम पासली

माझे मामा पासलीचे. वेल्ह्याच्या पुढे, केळदच्या अलीकडे, भातखाचरं आणि पाऊस यांच्यात जी जागा उरते तिथलं हे गाव. नागपूरला भाचीचं लग्न होतं, परतीची रेल्वेची तिकिटं वेटिंगवरच राहिली आणि मामा आयुष्यात प्रथमच विमानात बसले. चहाची किंमत ऐकून त्यांनी "आत्ताच झाला" असं सांगितलं. फोन फ्लाइट मोडवर टाकायची सूचना मात्र मनोभावे पाळली. फोन बंद केला, बॅटरी काढली, आणि एकमेकांशी संधान बांधू नये म्हणून दोन्ही वेगवेगळ्या खिशांत ठेवली.

घोळ पुण्यावर उतरताना झाला. "पुनं आलं, आता इविधभारती लागंल," म्हणत मामांनी पिशवीतून ट्रान्झिस्टर काढला आणि एरियल वर ओढली ती पुढच्या गृहस्थांच्या मानेपर्यंत. पट्टे तपासत आलेल्या मुलीने हात जोडले. "काका, रेडिओ बंद करा."

"बाय, फोन बोलतो. ह्यो निस्ता ऐकतो. ऐकनाऱ्याचा कुनाला तरास?"

पोरगी गप्प झाली. प्रश्न बिनतोड होता. माझ्या शेजारचा टायवाला इंजिनियरसुद्धा उगाच मासिक चाळू लागला.

खरी गंमत अशी की, विमानातल्या बंदीचा पहिला मान फोनचा नाहीच, तो मामांच्या ट्रान्झिस्टरचा आहे. अमेरिकेने 1960च्या दशकाच्या सुरुवातीलाच विमानात एफएम रेडिओ लावायला मनाई केली, तेव्हा मोबाइल कुणाच्या स्वप्नातही नव्हता. कारण जुना एफएम रेडिओ निस्ता ऐकत नाही. आलेली लहर पकडायला तो पोटात स्वतःची एक लहर तयार करतो, आणि ती बहुधा स्टेशनच्या आकड्याहून 10.7 मेगाहर्ट्झ वर असते. पुण्याची विविधभारती 101वर. त्यात 10.7 मिळवा, झाले 111.7. आणि 108 ते 112 हा पट्टा धावपट्टीची मधली रेषा वैमानिकाला दाखवणाऱ्या यंत्रणेचा. म्हणजे मामा गाणं ऐकणार आणि ट्रान्झिस्टर त्याच वेळी वैमानिकाच्या कानाशी अगदी बारीक आवाजात पुटपुटणार. एवढ्याने विमान वाकडं जातं असं नाही. पण जमिनीजवळ आलेल्या माणसाच्या कानाशी कुणी पुटपुटू नये, इतकंच.

अमेरिकेच्या त्या नियमात काही सवलतीही आहेत. श्रवणयंत्र चालतं, हृदयाचा पेसमेकर चालतो, आणि विजेवरचं दाढीचं यंत्र चालतं. हे मी मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी गालावरून हात फिरवला. "म्हंजे उतरताना दाढी केली तर चाललं, गानं न्हाई. कायदा शेराच्या मानसानं केलेला दिसतोय."

स्वारगेटला वेल्ह्याची लालपरी लागलेली होती. कात्रजचा बोगदा येईपर्यंत आमच्या आसपास चार फोन चार निरनिराळी गाणी वाजवत होते आणि पाचवा कीर्तन. मुंबईच्या बेस्टने 2023 मध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय फोन वाजवायला बंदी केली. आमच्या बसमध्ये ती बातमी अजून खेड शिवापूरच्या टोलनाक्याशी अडकलेली असावी. कंडक्टरने डबल बेल मारली तीही कुणाच्या तरी रीलमध्ये विरून गेली.

त्या गदारोळात मामांनी दुसरा प्रश्न काढला. रेडिओचं कळलं, मग फोनाचं काय?

फोनाची भानगड दुपदरी आहे. जुन्या 2जी फोनचं बोलणं सेकंदाला 217 तुकड्यांत जातं. कॉम्प्युटरच्या स्पीकरजवळ फोन ठेवला की घंटी वाजायच्या आधी 'टिडिक टिडिक' व्हायचं, ते याचंच. तोच आवाज वैमानिकांच्या हेडफोनमध्येही यायचा, ऐन कंट्रोल टॉवर काही सांगत असताना. दुसरा पदर जमिनीचा. अमेरिकेत 1991 मध्ये उडत्या विमानातल्या मोबाइलवर बंदी आली ती विमानासाठी नव्हे, खालच्या मोबाइल जाळ्यासाठी. वर गेलेल्या फोनला एकाच वेळी ढीगभर टॉवर दिसतात आणि तो सगळ्यांनाच हाका मारत सुटतो. आपल्याकडे एप्रिल 2014 पर्यंत उड्डाणात फोन साफ बंदच ठेवावा लागे. मग विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएने फ्लाइट मोडला परवानगी दिली, आणि 2018 च्या नियमांनी 3000 मीटरच्या वर फोन आणि इंटरनेटचीही वाट मोकळी केली.

"तीन हजार म्हंजे किती?" मामांनी विचारलं. तोवर विंझर मागे पडलं होतं आणि ढगातून तोरणा दिसू लागला होता. तोरण्याची उंची 1403 मीटर.

"तोरन्यावर दुसरा तोरना ठिवला तरी दोनशे मीटर कमीच," मामांनी तोंडी हिशेब केला. गडांचे हिशेब या खोऱ्यात चुकत नाहीत.

हसण्यासारखं यात बरंच आहे, पण सगळंच नाही. 2003 मध्ये न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चजवळ एक छोटं विमान उतरताना पडलं आणि आठ माणसं गेली. वैमानिकाचाच फोन चालू होता आणि त्या फोनने यंत्रांच्या सुया चुकवल्या असण्याची शक्यता चौकशी अहवालाने नोंदवली. शक्यता, सिद्धता नव्हे. या विषयात बहुतेक गोष्टी शक्यतेशीच थांबतात आणि म्हणूनच नियम सावध आहेत.

या सावधगिरीच्या हिशेबात आमचा प्रवासही तसा दोन नामांकित विमानतळांमधलाच होता. नोव्हेंबर 2022 मध्ये दूरसंचार विभागाने कंपन्यांना कळवलं की विमानतळांजवळ, धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून 2.1 किलोमीटर आणि मधल्या रेषेपासून 910 मीटर, या टापूत 3.3 ते 3.67 गिगाहर्ट्झची 5जी केंद्रं उभारू नका. त्या वेळी ज्या पाच विमानतळांची नावं निघाली त्यांत नागपूरही होतं आणि पुणेही. विमान जमिनीपासून किती वर आहे हे मोजणारं यंत्र 4.2 ते 4.4 गिगाहर्ट्झवर चालतं आणि शेजारच्या लहरींची कुजबुज त्याला नको असते. आमच्या विमानात सगळे जण निमूट फ्लाइट मोडवर बसलेले असताना खरी काळजी खालच्या टॉवरांची घेतली जात होती.

वेल्ह्याहून वडाप जीप मिळाली. पुढच्या दोघांच्या मांडीवर तिसरा, मागे आम्ही आणि खताची दोन पोती. भट्टी गावाच्या पुढे माझ्या फोनच्या रेंजच्या दांड्या एकेक करून गळाल्या आणि पासलीत उतरलो तेव्हा फोनही गरम, बॅटरीही निम्मी. हेही त्याच शास्त्रातलं. टॉवर जवळ असला की फोन हळू बोलतो, लांब असला की बेंबीच्या देठापासून ओरडतो. जुना 2जी फोन दोन वॉटपर्यंत ओरडू शके. म्हणून काही विमान कंपन्यांनी काय केलं, तर विमानातच चिमुकला टॉवर बसवला. आता प्रवाशांचे फोन दहा मीटरवरच्या टॉवरशी कुजबुजतात, वैमानिकाचा कान शाबूत.

हे ऐकून ओसरीवर पाय धूत असलेले मामा थबकले. "म्हंजे टावर जवळ बसवला की फोन वरडत न्हाई, आन् समद्यांचं भलं हुतं?"

"हो."

"आकाशात पळत्या इमानात बसवत्यात?"

"काही विमानांत, हो."

"आन् पासली जाग्यावरनं हालत न्हाई, तरी हितं न्हाई." तांब्या खाली ठेवून मामांनी ट्रान्झिस्टर लावला. मामी आतून म्हणाल्या, "आदी जेवा. त्यो बोलतच ऱ्हानारे."

केळदजवळच्या मढे घाटाला जायला तुम्ही या वाटेने याल, पावसाळ्यात तर नक्कीच. वेल्ह्यात शेवटचा फोन करून घ्या, घरच्यांना परतायची वेळ सांगा आणि मग कुणी सूचना द्यायची वाट न बघता फ्लाइट मोड टाका. बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते.