थांबा, माझी टर्न चालू आहे

शनिवारी रात्री भडंगाचा डबा बाजूला सारून ज्या ज्या डायनिंग टेबलावर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ मांडलं जातं, तिथे हा असतोच. खेळ अमेरिकेतला, १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेला. हा गडी मात्र अस्सल डोंबिवलीचा. सोसायटीच्या मीटिंगला उपविधींचं पुस्तक खुणा घालून आणतो, तो हाच.

पहिल्या पातळीवर त्याचा जादूगार इतका फाटका असतो की बाकीच्यांनी त्याला पाठीशी घालून जगवायचं. तो कुरकुरत नाही. त्याचा डोळा सतराव्या पातळीवर असतो, कारण तिथे ‘टाइम स्टॉप’ मिळतो. मंत्र म्हटला की जग गोठतं आणि एकट्या जादूगाराला लागोपाठ दोन ते पाच टर्न मिळतात. याला ना कसली पूड लागते, ना हातवारे; नुसतं तोंड चालवायचं. त्यात हा कधीच कमी नव्हता.

टर्न किती, ते चार बाजूंच्या फाशावर ठरतं. तो शिंगाड्यासारखा, घरंगळत नाही, टप्पकन बसतो. एक पडला. म्हणजे दोनच टर्न.

“बशीला टेकलाय. धरायचा नाही.”

पुन्हा टाकला. चार! या खेपेला फासा चक्क बशीत पडला होता, पण आता बशी चालते.

खेळात एक राउंड सहा सेकंदांचा. पाच टर्न म्हणजे जेमतेम अर्धं मिनिट. त्याला पाऊण तास लागला. आधी ‘डिलेड ब्लास्ट फायरबॉल’चा मणी समोरच्या ड्रॅगनच्या पायाशी ठेवला: बारा फाशांचा मार, आणि फुटेपर्यंत दर टर्नला एक फासा वाढणार. ड्रॅगनला काही झालं की काळ पुन्हा सुरू, म्हणून पुढचे मंत्र स्वतःवरच. ‘फायर शील्ड’. ‘मिरर इमेज’. मधे “एक मिनिट हां” म्हणत पेन्सिलीच्या टोकाने नकाशावरचे चौकोन मोजणं; कुणी शिंकलं की पुन्हा पहिल्यापासून. चोर खेळणारा मोबाइलवर मॅच बघत होता. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा ‘डंजन मास्टर’, भडंगातले शेंगदाणे वेचत होता. जादूगार सोडून सगळ्यांचा काळ थांबतो, असं पुस्तकात आहे. ‘सगळ्यां’त टेबलाभोवतीचेही धरलेत, एवढं छापायचं राहिलंय.

शेवटी सगळ्यांकडचे सहा बाजूंचे फासे गोळा झाले. ओठ हलवत बेरीज झाली. “छप्पन्न!”

“ड्रॅगनचा लेजंडरी रेझिस्टन्स,” डीएम म्हणाला. “निम्मं.”

“तो मघाशी वापरलाय त्याने.”

“दिवसाला तीन असतात.”

तो पुस्तक उघडून पडताळू लागला. इतक्यात योद्धा खेळणारीची पाळी आली. तिने विचारलं, “ड्रॅगन किती फुटांवर आहे रे?”

याने घड्याळाकडे पाहिलं. “अगं, किती वेळ लावतेस! आटप ना, माझी शेवटची लोकल जाईल.”