शॅल, मे आणि कर्तरी प्रयोग

कायद्याच्या इंग्रजीत 'शॅल' म्हणजे करायलाच हवं आणि 'मे' म्हणजे मर्जी. हा फरक वकिलीच्या पहिल्या वर्षातच शिकवतात. पुढची सगळी कारकीर्द तो पुसण्यात जाते.

राज्यघटनेचं कलम ९३ बघा. लोकसभेने आपले अध्यक्ष आणि उपाध्यक्ष 'शॅल, अ‍ॅज सून अ‍ॅज मे बी' निवडायचे. सक्ती आणि सवड एकाच वाक्यात! सतराव्या लोकसभेने 'शॅल' मानून अध्यक्ष लगेच निवडले आणि 'मे बी'चा आधार घेत उपाध्यक्षांविना पूर्ण कार्यकाळ काढला. २०१९ ते २०२४ ती खुर्ची रिकामीच राहिली.

महाराष्ट्र मागे कसा राहील? विधानसभेच्या अध्यक्षांसाठी कलम १७८ आहे, तिथेही 'शॅल'च. फेब्रुवारी २०२१ मध्ये अध्यक्षांनी राजीनामा दिला, नवे अध्यक्ष मिळाले ते जुलै २०२२ मध्ये. मधल्या काळात सरकारही बदललं.

कलम २४३-यू तर आणखी कडक. महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून एक दिवस जास्त नाही आणि ती संपण्याआधी निवडणूक 'शॅल बी कम्प्लीटेड'. इथे सवडीला जागाच ठेवलेली नाही. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. आरक्षण, प्रभागरचना, खटले अशी कारणं होतीच. कारणांना आपल्याकडे कधी मुदत नसते. तोवर कारभार प्रशासकांनी पाहिला आणि मुंबईकरांनी फक्त कर भरले.

न्यायालयांचंही म्हणणं असं, की कायद्याचा हेतू पाहून 'शॅल'चा अर्थ 'मे' आणि 'मे'चा अर्थ 'शॅल' लावता येतो. दिवाणी दाव्यात प्रतिवादीने ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत कैफियत द्यायची, असं दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की ही मुदत अगदीच अनुल्लंघनीय नाही. ज्याला तारीख हवी, त्याला तारीख मिळाली. अमेरिकेने या घोळाला कंटाळून २००७ मध्ये आपल्या संघीय दिवाणी नियमांतून 'शॅल' काढलं आणि 'मस्ट' आणलं. आपण तसं केलं, तर 'मस्ट' म्हणजे नेमकं किती 'मस्ट', यावर घटनापीठ बसेल.

एकच 'शॅल' कधी सक्तीचं आणि कधी सवडीचं का होतं, याचं उत्तर मराठी व्याकरणात आधीच दिलेलं आहे. कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलतं, तो कर्तरी प्रयोग. इंग्रजी 'शॅल' असं बदलत नाही, पण भारतीय कायद्यात आलं की बदलतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्येही 'शॅल' आहे. दुचाकीवर हेल्मेट 'शॅल' घालायचं. तिथे कर्ता तुम्ही-आम्ही, त्यामुळे हजार रुपयांचं चलन मोबाईलवर येऊन धडकतं. तेव्हा हवालदार कायद्याचा हेतू तपासत नाही. कर्ता सभागृह किंवा सरकार असलं, की तेच 'शॅल' भावे प्रयोगात शिरतं आणि मग ते कुणाच्याच कह्यात राहत नाही.

तेव्हा कायदे करणाऱ्यांनो, क्रियापद हवं ते वापरा. फक्त प्रत्येक 'शॅल'पुढे एक ओळ वाढवा: नाही केलं, तर दंड कोण भरणार?