पास्ता खा, पण बन्सीचा

कॉलेज रोडवर पोरं पास्ता खाताना दिसली की नाक मुरडणाऱ्या नाशिककरांशी माझं भांडण आहे. भाकरी पाहून ‘गावाकडचं खाणं’ म्हणणाऱ्यांशी त्याहून मोठं भांडण आहे. आपल्या जिभेची सवय म्हणजेच धान्याची लायकी, असं दोघंही धरून चालतात.

एकट्या नाशिक जिल्ह्यात पाहा. इगतपुरी-त्र्यंबककडे भात पानात पडल्याशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही. सुरगाणा-पेठच्या डोंगरात नागलीची भाकर आणि उडीद. मालेगाव, सटाणा, येवला, सिन्नरला बाजरी. निफाडच्या काळ्या जमिनीत कालव्याच्या पाण्यावर गहू. हे घाटानं, पावसानं आणि मातीनं ठरवलं. इटलीत काय वेगळं आहे? पो नदीच्या खोऱ्यात भात पिकतो म्हणून तिथं रिसोत्तो, व्हेनेतोकडे मक्याची पोलेंटा आणि दक्षिणेच्या कोरड्या उन्हात ड्युरम गहू, म्हणून पास्ता. दक्षिणेतले लोक उत्तरेकडच्यांना पोलेंटाखाऊ म्हणून हिणवत आले. दुसऱ्याला कमी लेखायला त्याचं ताट पुरतं, मग ते नेपल्स असो नाहीतर नाशिक.

नागलीचंच घ्या. काळी भाकर डब्यात झाकून खाणारी पोरं आपणच तयार केली. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याला किलोमागे एक रुपया दर लिहिलेला होता, पण रेशनच्या पिशवीत पडत राहिले ते मुख्यतः गहू-तांदूळ. जे पिशवीत आलं तेच पुढं आवडीचं झालं. मग 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं आणि त्याच नागलीची बिस्किटं शहरात चढ्या भावानं विकली जाऊ लागली. भाकर थापणारीला या कौतुकातलं काय मिळालं, हे पेठला जाऊन विचारावं.

आता गव्हाकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथं आहे. निफाडजवळ कुंदेवाडीला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं गहू संशोधन केंद्र आहे. तिथून आलेल्या बन्सी गव्हाच्या दोन वाणांची नावं ‘पंचवटी’ आणि ‘गोदावरी’. बन्सी म्हणजेच ड्युरम, ज्याचा पास्ता होतो तोच गहू. दाणा कडक, रंग पिवळसर. दळताना त्याचा चांगला रवा पडतो आणि त्या रव्याची शेवई किंवा पास्ता उकळत्या पाण्यातही आकार सोडत नाही. इटलीनं 1967 साली कायदाच केला की सुका पास्ता ड्युरमच्या रव्याचाच हवा. ज्या धान्यासाठी तिकडं कायदा झाला, ते इकडं आपल्या गोदावरीच्या नावानं पिकतं, आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही.

पत्ता का नाही, त्यालाही कारण आहे. पोळी मऊ हवी, म्हणून घराघरांत लोकवन आणि शरबती आला. बन्सीची पोळी तशी होत नाही. त्याची जागा रव्यात, लापशीत आणि शेवयांत. उन्हाळ्यात घरोघरी शेवया व्हायच्या तोवर बन्सीला गिऱ्हाईक होतं. शेवयांचे पाट माळ्यावर गेले आणि बन्सीचं गिऱ्हाईकही गेलं. गव्हले, नखुले, फणोले, बोटवे करणारे हात अजून आहेत. पण त्यांचं काम रुखवतात मांडण्यापुरतं आणि एखाद्या खिरीपुरतं उरलं. दक्षिण इटलीतल्या बारी शहराच्या जुन्या गल्लीत बाया दारात बसून हातानं ओरेकिएत्ते पास्ता वळतात आणि जगभरचे लोक ते बघायला जातात, पिशव्या भरून विकत घेतात. नखानं दाबून नखुले करणारी आपली मावशी कौशल्यात त्यांच्यापेक्षा तसूभरही कमी नाही. कमी आहे ती तिच्या मालाला भाव देणारी माणसं.

म्हणून पास्ता खाणाऱ्या पोरांवर माझा राग नाही. बन्सीला नवं गिऱ्हाईक मिळेल तर ते याच पोरांमधून. पास्त्याला लसूण-मिरचीची फोडणी द्या, बिनधास्त द्या. इटालियन माणसाला तो दाताखाली थोडा कडक लागतो आणि आपल्याला शेवई दुधात मऊ झालेली आवडते. यात बरोबर-चूक कोणी नाही. माझी तक्रार मैद्याच्या पास्त्याबद्दल आहे. तो शिजताना गिळगिळीत होतो, चव सगळी सॉसवर सोडतो आणि निफाडच्या शेतकऱ्याला त्यातून काही मिळत नाही.

तेव्हा दुकानात पाकीट उलटं करून घटक वाचा. ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला नसेल तर ते परत फळीवर ठेवा. हॉटेलवाल्याला विचारा, पास्ता कशाचा आहे. चार गिऱ्हाइकांनी विचारलं की पाचव्याच्या आधी तो माल बदलतो. आणि येत्या उन्हाळ्यात जवळच्या बचत गटाकडून किलोभर शेवया घ्या. घेताना एवढंच विचारा, रवा बन्सीचा आहे ना?