शहरचित्रात माणूस टाकावा का? नवशिक्यांसाठी सोपी कृती

यवतमाळच्या दत्त चौकाचं जलरंगात चित्र काढायचं ठरवलंत, अभिनंदन. इमारती जमतात. पट्टी लागते, थोडा धीर लागतो, आणि विजेच्या तारा कशाही ओढल्या तरी खऱ्याच वाटतात. घोडं अडतं ते रस्त्यावर. माणसं टाकायची की नाही? टाकली तर चित्र बिघडेल, न टाकली तर गाव बंद असल्यासारखं दिसेल. पुढील पायऱ्या क्रमाने कराव्यात.

साहित्य : जाड कागद, बोर्ड, दोन ब्रश, पाण्याची बाटली (निम्मं पाणी चित्राला, निम्मं चित्रकाराला, मे महिन्यात हे प्रमाण बदलतं), डोक्याला बांधायला दुपट्टा आणि मागे उभं राहून मत देणारे चार जण. शेवटचं साहित्य आणावं लागत नाही, आपसूक जमतं.

पायरी १. एलिमेंटरी विसरा. शाळेत असताना एलिमेंटरीच्या परीक्षेत तुम्ही स्मरणचित्र काढलेलं असतं. विषय बसस्थानक नाहीतर आठवडी बाजार. त्यात माणसं हवीतच, म्हणून सरांनी तिघं पाठ करून घेतली होती : छत्रीवाला, डोक्यावर टोपली घेतलेली बाई आणि फुगेवाला. हे तिघं पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रभर हिंडताहेत. तुम्ही हात सैल सोडलात की ते दत्त चौकातही हजर होतील. त्यांना वेळीच अडवा. फुगेवाला खरोखरच समोर उभा असेल तर गोष्ट वेगळी.

पायरी २. घड्याळ पाहा. मे महिन्यात दुपारी दोनला रस्ता रिकामा काढलात तर ते वास्तववादी चित्र. तोच रस्ता सकाळी दहाच्या उन्हात रिकामा काढलात तर पहिला बघणारा विचारणार, "कर्फ्यू लागला होता का जी?" रिकामा रस्ता म्हणजे दरवेळी शांतता नव्हे. १८३८ साली फोटोग्राफीचा फ्रेंच प्रणेता दागेर याने पॅरिसच्या एका वाहत्या रस्त्याचा फोटो काढला. कॅमेऱ्याला काही मिनिटं उघडं राहावं लागे, त्यामुळे चालणारी माणसं, घोडागाड्या सगळं पुसलं गेलं. उरला तो बुटाला पॉलिश करून घेणारा एक गृहस्थ, कारण तो जागचा हलला नव्हता. यातून नवशिक्याने एवढंच घ्यावं : आधी थांबलेला माणूस काढा. चालणाऱ्याचे पाय नंतर बघू. पानठेल्यापुढे असे भरपूर मिळतात.

पायरी ३. उंची सांभाळा. तुम्ही उभं राहून चित्र काढताय आणि रस्ता सपाट आहे, तर जवळचा असो की लांबचा, तुमच्याच उंचीच्या प्रत्येकाचं डोकं क्षितिजरेषेवर येतं. डोकी दोरीवर वाळत घातल्यासारखी एका ओळीत ठेवा, अंतरानुसार लहानमोठी करा ती माणसं. खुर्चीवर बसलात तर रेषा खाली उतरते आणि उभ्यांची डोकी वर निघतात. नियमाला अपवाद हवा असेल तर जिल्ह्यातल्याच कळंबला जा. तिथल्या चिंतामणीचं मंदिर जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरणाऱ्या भक्ताचं डोकं प्रत्येक पायरीला रेषेखाली जातं. हे जमलं की तुम्ही नवशिके राहिला नाहीत.

माणूस मापालाही लागतो. शकुंतला रेल्वेचं उदाहरण घ्या. यवतमाळ–मूर्तिजापूर ही नॅरोगेज, दोन रुळांत अडीच फूट अंतर. नुसते रूळ काढलेत तर बघणारा म्हणेल, नागपूरची लाइन दिसते. शेजारी एक माणूस उभा करा. रुळांमधलं अंतर त्याच्या निम्म्या उंचीएवढंही नाही हे दिसलं, की गाडी नसतानाही शकुंतला ओळखू येते.

पायरी ४. चेहरा टाळा. या बाबतीत जिल्हा चित्रकाराला अनुकूल आहे. उन्हाळ्यात स्कूटीवरच्या मुली डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये बांधतात, पुरुष दुपट्ट्यात. नाक काढायचा प्रश्नच मिटतो. डोक्याचा ठिपका, किंचित जागा सोडून खांद्याचा एक ओला फटकारा, तो खाली निमुळता, आणि रंग ओला आहे तोवरच सावलीत सोडून द्यायचा. पावलं काढायची नाहीत. पावलं काढली की माणूस रस्त्यावर उभा न राहता रस्त्यावर चिकटवल्यासारखा दिसतो.

पायरी ५. मागच्यांशी वाद घालू नका. एव्हाना सूचना सुरू झालेल्या असतील. "यात मानसं काऊन नाही?" तुम्ही दोन टाकता. "हे कोन होय?" तुम्ही सांगता, कोणीही नाही. "मंग मले घ्या ना." त्याला घेतलात की त्याचा मित्र, मित्राची बुलेट, बुलेटवरचं नाव. तासाभराने दत्त चौक संपून ग्रुप फोटो सुरू होतो. होकारार्थी मान हलवावी आणि ब्रश धुवावा.

पायरी ६. अंगठ्याची परीक्षा. काढलेल्या माणसावर अंगठा ठेवा. तो झाकल्यावर वेळ, ऊन, माप किंवा रस्त्याचं कामकाज यातलं काहीतरी कमी झालं, तर तो राहू द्या. काहीच कमी झालं नाही, तर तो फक्त कोपरा भरायला आला होता; ओल्या ब्रशने उचलून टाका.

निकाल सरळ आहे : ज्याचं त्या चौकात काम आहे, त्यालाच चित्रात घ्या. एकाचंही काम सापडलं नाही, तर माणसांशिवाय सही करा आणि कर्फ्यूबद्दल विचारणाऱ्याला चित्राखाली लिहिलेली वेळ दाखवा.