‘वाऽह’काराला अनावृत पत्र

अनामिक ध्वनिमुद्रक महाशय,


परवा मंगळवार पेठेतल्या एका मित्राने पेनड्राइव्हवर तुमची करामत आणून दिली. मूळ टेपच्या डबीवर म्हणे तारीख नाही, गाव नाही, रागाचं नाव नाही. नुसतं ‘केसरबाई, लय भारी’. रात्री दार लावून, पंखा बंद करून ऐकायला बसलो. पंखा उगाच बंद केला. तुमच्या यंत्राची घरघर त्याच्या वरताण आहे.

घरघर माफ. टेप जलद फिरल्यामुळे गायिका केसरबाई केरकरांचा तो भारदस्त आवाज शाळकरी झाला, तेही माफ. पण तुमची दाद! माइक गाणाऱ्यासमोर ठेवतात, आपल्या तोंडासमोर नव्हे, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही? बाई आकारात तान उचलतात, ती वळसे घेत, दम न तोडता समेकडे निघते, इकडे आम्ही लोडावरून उठून ताठ बसतो आणि नेमकी समेवर तुमची ‘वाऽह!’ कोसळते. सम गेली! 35 मिनिटांत अशा 19 समा खाल्ल्यात, मी मोजल्या. मध्ये एकदा पानही मागितलंत.

भाचा म्हणतो, इगी पॉपच्या ‘मेटॅलिक के.ओ.’ या मैफिलीच्या रेकॉर्डवर श्रोत्यांनी फेकलेल्या बाटल्या फुटलेल्या ऐकू येतात. असेल. ते लोक निदान चिडलेले होते. तुम्ही खूश होऊन वाट लावलीत.

बाईंनी 78 आरपीएमच्या तबकड्यांवर तीन-साडेतीन मिनिटांत मावलं तेवढंच दिलं. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली त्यांची भैरवीही तेवढीच. म्हणजे परग्रहावर स्वच्छ केसरबाई, आणि कोल्हापूरला तुमच्या घशासकट!

इथवर लिहिलं आणि खाँसाहेब आठवले. बाईंचे गुरू अल्लादिया खाँ. शाहू महाराजांच्या पदरी याच गावात गायले, 1946 साली गेले. त्यांच्या गाण्याची एक तबकडी नाही, साधी खरखरसुद्धा नाही. त्यांच्यासमोर तुमच्यासारखा एखादा बेशिस्त माणूस यंत्र घेऊन बसला असता, तर त्याचा खोकलाही आम्ही देव्हाऱ्यात ठेवला असता.

तुम्ही बहुधा चोरूनच टेप केलं असणार. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत बाई किती कडक! एवढ्या धाकातही तुम्हाला तोंड आवरलं नाही. खरं सांगायचं तर तेविसाव्या मिनिटाला तुमच्याबरोबर मीही ओरडलो. शेजाऱ्यांनी भिंत ठोकली.

तुमच्या घरचं कुणी हे वाचत असेल, तर त्यांना हात जोडून सांगणं आहे: माळ्यावरची ती ट्रंक रद्दीवाल्याला देऊ नका. तिच्यात पुढची टेप असेल, ती हवी आहे. ही संपते तेव्हा बाई अजून गात आहेत.

आपला,
एक श्रोता, कोल्हापूर